हिंगोलीत बायका गाडी चालवतील का?

दुचाकीच्या कंपनीत मार्केटिंग करणाऱ्याकडे दोन गोष्टी साचत जातात: धूळ आणि किस्से. जीप धुतली की धूळ जाते. किस्से मात्र जात नाहीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंगोली ऑफिसात आम्ही तिघं होतो. मी, जीपचे ड्रायव्हर गफूरभाई आणि हट्टा गावची सुनीता कांबळे.

सुनीताला बायकांमध्ये बिनगिअरची स्कूटर खपवायला घेतलं होतं, तेही एका सीझनपुरतं. तिच्या घरातली ही पहिली पगाराची नोकरी. पुण्याच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, "तिकडे नवरे परवानगीच देणार नाहीत. बुकिंग झालं तर पोस्ट राहील, नाहीतर दिवाळीनंतर बंद!"

*

पुण्याहून पोस्टर आलं. बर्फाच्या डोंगरात उभी मोटरसायकल! जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आम्ही ते जीपला लावलं. एक म्हातारबा बराच वेळ बघत राहिले.

"गाडी ऱ्हाऊ द्या. एवढा कापूस कोन्या गावात पिकून राहिला, ते सांगा!"

*

प्रचाराच्या कॅसेटमधली बाई गोड आवाजात "स्वप्नांना द्या नवी गती" म्हणायची. कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही. एकदा गफूरभाईंनी कॅसेट बंद करून माइक धरला. "घेऊ नका हो! नुसतं बघा! चहा फुकट, तकलीफ काहीच न्हाई!"

बघता बघता ही गर्दी! मी खुशीत एकाला विचारलं, "कशी वाटली?"

"झकास! पत्ती कोन्त्या कंपनीची?"

*

औंढ्यात एक पोरगा सकाळी टेस्ट राइडला मोटरसायकल घेऊन गेला, तो दुपार टळली तरी येईना. शेवटी आला, कपाळाला टिळा, हातात पेढे.

"कुठं होतास रे?"

"पोरगी बघायला. सोयरीक जमली, साहेब!"

"आणि गाडी?"

"तिलाबी पसंत पडली. आता घ्यावीच लागंल!"

*

सुनीताचा पहिला शिकवणी कॅम्प हट्ट्याच्या शाळेच्या मैदानावर होता. बायका पदर सावरत कडेला उभ्या, आणि मजा बघायला जमलेले पुरुष कुंपणापाशी. एकही बाई पुढे येईना.

सुनीता कुंपणापाशी गेली. "दादा, तुमी तर मोटरसायकलवाले. आधी तुमीच दाखवा की!"

एक दादा ऐटीत स्कूटरवर बसले. डावा पाय गिअर शोधू लागला. क्लच समजून त्यांनी डाव्या हातानं ब्रेक दाबला. गाडी जाग्यावर, दादा कडेच्या वाळल्या तुराट्यांच्या ढिगात!

बायका पोट धरून हसल्या. तांड्यावरच्या अंगणवाडीताई शेवंताबाई राठोड पदर खोचून पुढे आल्या. "एवढं तर मलाबी येतंय!"

*

सीझन संपता संपता पुण्याचे साहेब स्वतः हट्ट्याला आले. बुकिंग एकच झालं होतं, शेवंताबाईंचं.

"एकीवर पोस्ट कशी ठेवू मी?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात समोरून शेवंताबाईच स्कूटरवर आल्या. सुनीताला बघून थांबल्या. मागे मांडीवर पिशवी घेतलेले, डोळे गच्च मिटलेले एक मिशाळ गृहस्थ.

साहेबांनी विचारलं, "ताई, गाडी घेताना नवऱ्याची परवानगी घेतली होती का?"

"थांबा, इचारते." शेवंताबाईंनी मान मागे वळवली. "अवो, घट्ट धरलं ना? निघू का?"

"व्हय, व्हय! पन हळू!"

गाडी निघून गेली. साहेब सुनीताकडे वळले.

"सुनीताबाई, औंढ्याचा कॅम्प कधी ठेवताय?"