मातृभाषा: हिंदी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, मालकांना नाही, आणि ज्याला सगळ्यांच्या आधी सांगायला पाहिजे होतं त्याला तर नाहीच. आज सांगून टाकतो. मधेमधे अडखळलो तर सांभाळून घ्या — मला सरळ बोलता येत नाही. आई म्हणते, हा पोरगा समोरच्या दुकानात जायलाही अख्ख्या घमापुराला चक्कर मारून जाते.

तर चक्कर मारूनच येतो.

आम्ही जबलपूरचे मराठी. म्हणजे दाराच्या आत मराठी, दाराबाहेर पाय ठेवला की हिंदी. आजोबा भंडाऱ्याकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहून गेलो. आमच्या कॉलनीत आमच्यासारखी बरीच घरं होती, बहुतेक बौद्ध. विहार, जयंती, पौर्णिमेची खीर — सगळं मराठीत. पण आमची पोरांची पिढी? आम्हाला मराठी समजायची पूर्ण, बोलायची अर्धी. आजी रागावली तर मराठीत कळायचं, उत्तर मात्र हिंदीत तोंडातून निघायचं.

आणि म्हणूनच मोठ्या माणसांचा एक हट्ट होता. जनगणनेवाले आले की बाबा स्वतः दारात उभे राहायचे. मातृभाषा विचारली की मराठी. पोरांना शाळेत घालताना मराठी, दवाखान्यात कोणी नुसतं सहज विचारलं तरी मराठी. "आपण लिहिलं नाही तर आपण इथं आहोत हे कळन कोणाले?" असं बाबा म्हणायचे. कॉलनीतल्या प्रत्येक घरात हेच. आम्ही हसायचो, पण लिहायचो.

आता कामाचं. डिप्लोमा झाल्यावर मी घमापुरात एका टेलरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि वेबसाईट बनवायला बसलो. कोचिंग क्लासची, साडीच्या दुकानाची, जे मिळेल त्याची. आणि एक काम होतं बंगलोरच्या मालकांचं — पुरुषांनी पुरुषांना शोधायची साईट. ओळखी, गप्पा, जमलंच तर प्रेम. मीही त्यातलाच. मालकांना ते माहीत होतं, म्हणून तर काम मिळालं. घरी सांगितलं होतं, लग्न जुळवायची साईट आहे. तसं अगदी खोटंही नव्हतं, नाही का?

त्याच साईटवर मला प्रशांत भेटला. शहर सोडलं तर खरं काही कोणी सांगायचं नाही तिथं, फोटोही आधी कोणी लावायचं नाही, त्यामुळे बरेच दिवस आम्ही हिंदीत गप्पा मारत राहिलो. एकदा मी लिहिलं, रविवारी जमणार नाही. आणि पलीकडून उत्तर आलं — काहून? "क्यों" नाही, आमच्या घरातलं "काहून".

काय सांगू तुम्हाला. मी खुर्चीवरून उठलो, खोलीत एक फेरी मारली, परत येऊन बसलो. अख्ख्या जबलपुरात "काहून" विचारणारी घरं किती! थोडं विचारलं, तर तो आमच्याच बाजूच्या कॉलनीतल्या मेश्राम काकाजींचा मुलगा निघाला. काकाजी बाबांसोबत फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात, कामाला. प्रशांत फॅक्टरीतच अप्रेंटिस करत होता. पुढे पक्की नोकरी लागेल अशी आशा होती.

काय दिवस होते ते. माझ्या जुन्या स्कूटरवर आम्ही नर्मदेवर, ग्वारीघाटला जायचो. वाटेत खोव्याची जलेबी घ्यायची, पाक शर्टावर सांडायचा, तो मला शिव्या घालायचा. घाटावर माणसांची ही गर्दी — नाववाले, भजनवाले, बायका दिवे सोडून राहिल्या — आणि आम्ही मधोमध बसून मराठीत बोलायचो. काय वाटेल ते बोलायचो. कोणाला कळणार होतं? घरात जी भाषा सगळ्यांची होती, ती तिथं फक्त आमच्या दोघांची होती. माझी मराठी तो सारखी दुरुस्त करायचा. म्हणायचा, "तुझ्या मराठीले बुखार आहे." मला आयुष्यात त्याच्याएवढं कोणी हसवलं नाही. त्याच्यावर माझं प्रेम होतं. हे वाक्यसुद्धा मी त्याला हिंदीतच म्हटलं होतं, आणि त्याने ते माझ्याकडून मराठीत घोकून घेतलं.

एकच गोष्ट त्याला सांगितली नव्हती. ती साईट मी बनवतो, हे. त्याला वाटायचं मी साडीवाल्यांचं काम करतो. का लपवलं? मालकांनी सांगितलं होतं कोणाला कळू देऊ नको — पण खरं कारण ते नव्हतं. आपण आतून सगळ्यांचं सगळं पाहू शकतो हे कळलं तर तो बिचकेल, असं मला वाटायचं.

त्या एका "काहून"वरूनच मला कल्पना सुचली. तोवर साईटवर माणूस शोधायचा म्हणजे नव्याने आलेल्यांची पानं एकामागून एक उलटत बसायचं. मी मालकांना म्हटलं, शहर आणि मातृभाषा निवडायची सोय देऊ. इंदूरचा सिंधी असेल, त्याला इंदूरचे सिंधी दिसतील. मालक खूश. नवीन पानाचं नावही मीच ठेवलं — "अपने लोग". भाषा तर सगळ्यांनी खातं उघडतानाच लिहिलेली होती. फक्त तोवर ती कोणी बघत नव्हतं.

सुरू करायच्या आदल्या दिवशी मी माझ्या मशीनवर तपासून पाहिलं. मुंबई, मराठी — माणसंच माणसं. पुणे, तसंच. मग जबलपूर, मराठी.

दोन चेहरे आले. एक त्याचा, एक माझा. शेजारीशेजारी.

मी आधी हसलो. खरंच हसलो, आनंदाने. लग्नाच्या पत्रिकेत छापल्यासारखे दिसत होतो. आणि मग नीट पाहिलं. मुंबईत ती गर्दी होती. जबलपुरात ते दोन पोरांचे पत्ते होते. कॉलनीतल्या कोणीही गंमत म्हणून उघडलं की संपलं. प्रशांतचा फोटो, नंतर लावलेला, तर विहाराच्या अंगणातला, पौर्णिमेच्या पांढऱ्या शर्टातला. बापाचा हट्ट होता ना, भाषा लिहायची ती मराठीच — त्या गुणी पोराने इथंही तेच लिहिलं होतं.

आता मी काय करायला पाहिजे होतं? मालकांना फोन करायचा, माणसं कमी असतील तिथं हे दाखवू नका म्हणायचं. दोन मिनिटांचं काम होतं. नाही तर प्रशांतला गाठायचं आणि सांगायचं.

मी माझं खातं उघडलं. मातृभाषेच्या जागी मराठी होतं, ते काढून हिंदी केलं. पुन्हा जबलपूर, मराठी करून पाहिलं. तो एकटा उरला होता. मी पान बंद केलं आणि जेवायला घरी गेलो.

एवढंच. हेच ते.

त्याला काहून नाही सांगितलं? सांगायला गेलो असतो तर साईट माझी आहे हे सांगावं लागलं असतं. मी आधी स्वतःला काढलं हेही सांगावं लागलं असतं. आणि — हेही सांगतो आता — पहिल्याच दिवशी माझ्याच शहराचं पान रिकामं दिसावं असं मला वाटत नव्हतं. कल्पना माझी होती ना! एक तरी चेहरा पाहिजे होता. तो मी त्याचा ठेवला.

पान सुरू झालं, गावोगावहून कौतुक आलं. कोणी लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषेत कोणी बोललं. मालकांनी फोनवर शाबासकी दिली. मी टेलरभैयांना जलेबी खाऊ घातली, कशाची ते न सांगता. प्रशांत त्या दिवसांत साईटवर फिरकलाच नाही, त्याची परीक्षा जवळ आली होती. मी रोज ठरवायचो, उद्या सांगतो.

मग कॉलनीतल्या काही पोरांनी सायबर कॅफेत बसून मस्करीत ती साईट उघडली. शहर निवडलं, भाषा निवडली. त्यांच्या विहारात दर रविवारी सतरंज्या टाकणारा पोरगा समोर आला. पुढचं सांगायला नको. त्या दिवशी मी त्याचा चेहरा तिथून काढला, पण तोवर पोरांनी तो कागदावर छापून कॉलनीत फिरवला होता.

मेश्राम काकाजी आमच्या घरी आले. "जय भीम" म्हणून बसले, चहा समोर ठेवला तो तसाच राहिला. बाबा कामावर गेले होते. काकाजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाबू, तू कम्प्युटरवाला आहे. एक सांग. कोणी दुसराच माणूस आपल्या पोराचा फोटो घेऊन असं बनवू शकते काय?"

समजलं ना तुम्हाला, काय मागत होते ते? त्यांना खरं नको होतं. एक "हो" पाहिजे होता. तो "हो" घेऊन ते विहारात गेले असते, चार माणसांत म्हणाले असते, कम्प्युटरवाल्याने सांगितलं, हे कोणीही करू शकते. आणि ते खोटंही नव्हतं — करूच शकते कोणीही. पण मी भ्यालो. हो म्हटलं तर काकाजी विचारतील, तुला त्या साईटचं एवढं कसं माहीत.

मी म्हटलं, "मला त्याच्यातलं काही माहीत नाही, काकाजी."

ते "अच्छा" म्हणाले. मग उठून गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तो चहा उचलून आत नेला.

प्रशांतची अप्रेंटिस अर्धी राहिली. त्याला भंडाऱ्याला मामाकडे धाडायचं ठरलं. तिथं त्याचं लग्न लावायला निघाले, तेव्हा तो तिथूनही निघून गेला. सुरतेकडे आहे असं ऐकतो. त्याची आई वारली तेव्हाही आला नाही. आला नाही, की कोणी कळवलंच नाही, कोण जाणे. पुढे मी मालकांना म्हटलं, माणसं कमी असतील तिथं पान दाखवू नका. ते म्हणाले, किती बारीक विचार करतोस रे तू. त्याचीही शाबासकी मी ठेवून घेतली.

पण भंडाऱ्याला जायच्या दिवशी प्रशांत माझ्या खोलीवर आला होता. दुपारची वेळ, हातात बॅग, मामा स्टेशनवर वाट पाहून राहिलेला. एका गालावर सूज होती. मला वाटलं आता विचारेल, सगळं विचारेल. तो खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, प्यायला.

"पोरं म्हणत होते, मी एकटाच होतो त्याच्यात," तो म्हणाला. "तू काहून नाही दिसला रे?"

"मी हिंदी लिहिलं होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

त्याने ग्लास खाली ठेवला. मग हसला — सुजलेल्या गालाने जेवढं हसता येते तेवढं. "म्हणून तर तुझी मराठी अशी," म्हणाला. आणि मग म्हणाला, बरं झालं, तू तरी सुटला, नाही तर काकूने काय केलं असतं. माझी काळजी करत होता तो. माझ्या आईची.

मी त्याची बॅग उचलून खाली नेली. टेलरभैया मशीनवरून मान वर करून आमच्याकडे पाहत होते. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ऑटो थांबला, तो आत बसला, आणि माझा हात धरून त्याने सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात म्हटलं, "सांभाळून राहजो बरं."

मी हात सोडवून घेतला.

"ठीक है भैया," मी त्याला म्हटलं. "चलो."