अम्मीची दुआ आणि माझी कंबर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय.

माझी कंबर खरंच दुखायची – आधी एवढं ऐका. सौदीत, जेद्दाच्या शराफिया भागातल्या एका दुकानाच्या गोदामात मी वर्षानुवर्षं खोकी उचलली, आणि एक दिवस वाकलो तो सरळच होता येईना. डॉक्टर आपल्याकडचेच, नागपूरचे. त्यांनी गोळ्यांपेक्षा सवयीच जास्त बदलायला लावल्या. कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यांत बसून उचलायचं. झोपताना गुडघ्यांखाली उशी. एका जागी फार वेळ बसायचं नाही. दुखतंय तोवर नमाज खुर्चीवर. मी सगळं केलं आणि गुण आला. डॉक्टर म्हणाले, आता चाला, कामं करा, बसून राहिलात तर पुन्हा दुखणं धरेल.

घरी येऊन मी हे सांगितलं? छे!

कारण – काय सांगू – माझी चैन चालली होती हो. पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन नसरीन, माझी बायको, दोन जिने चढून आणायची आणि वर मलाच विचारायची, उशी देऊ का? मशिदीतही मी खुर्ची सोडली नाही. माणसांना फसवलं ते फसवलं, तिथेही फसवलं.

मग अम्मी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला आली. तिचे गुडघे गेलेले, चाकांच्या खुर्चीशिवाय काब्याभोवतीच्या फेऱ्या होणार नव्हत्या. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात तिने घरोघरी सांगून ठेवलं होतं – माझा लेक माझी गाडी ढकलणार. आईला असं फिरवायला मिळणं म्हणजे आमच्यात नशीब समजतात.

मक्केत पोचलो. ऊन, गर्दी... आणि मला कंटाळा आला. बस्स, एवढंच. कंटाळा! कमरेवर हात ठेवून मी तोंड वाकडं केलं. अम्मी लगेच म्हणाली, "नको रे बाबा, तुझी कंबर जायची."

मी खुर्ची ढकलणारा एक माणूस ठरवून दिला आणि सावलीत जाऊन बसलो. तिला त्याची भाषा कळत नव्हती, त्याला तिची. परत आली तेव्हा रडून डोळे सुजले होते, पण चेहरा खुललेला. काबा पहिल्यांदा नजरेस पडतो तेव्हा मागितलेली दुआ वाया जात नाही, असं आमच्यात मानतात. ती दुआ तिने माझ्या कमरेसाठी मागितली होती.

तेव्हाच तिचे पाय धरायला हवे होते ना? मी तिला ज्यूस आणून दिला.

गावी गेल्यावर ती दर जुम्म्याला, शुक्रवारी, फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला – कंबर कशी आहे? बरी आहे म्हणायला माझं काय जात होतं? पण फोन स्पीकरवर, नसरीन शेजारी. बरी म्हटलं की पाण्याचा कॅन माझ्या खांद्यावर. मी म्हणायचो, दुखतेय अजून.  एकदा ती म्हणाली, "माझ्याच मागण्यात काही कमी राहिलं असेल."

तरी मी बोललो नाही. एका पाण्याच्या कॅनसाठी मी माझ्या आईला वाटू दिलं, की अल्लाह तिचं ऐकत नाही. आणि मनात तेच घेऊन ती गेली. नीच माणूस आहे मी.

मी गावी पोचेपर्यंत मय्यत थांबवून ठेवली होती. जनाजा उचलताना मी पुढे झालो, तर थोरल्या भावाने दंड धरला. "तू राहू दे. तुझी कंबर आहे." सगळी जमात बघत होती. एकच वाक्य बोलायचं होतं –

मी बाजूला झालो. कबरस्तानापर्यंत मागून चालत गेलो, मधे मधे कमरेवर हात ठेवत.