लव्हॉनच्या गाडीची डिकी

लव्हॉन टाइट शाळेची बस चालवायची, आणि वर्षातून एकदा, ऑगस्टच्या जत्रेत, टकरींच्या खेळात भंगारातली गाडी घेऊन इतरांच्या गाड्या फोडायची. साठी उलटली तरी! शेवटपर्यंत ज्याची गाडी हलती राहील तो जिंकला. आमच्या मिनेसोटात माणसं तोंडावर भांडत नाहीत. हसून कॉफी ओततात आणि डूख धरतात. लव्हॉनचा डूख तर, बाई गं, विचारूच नका.

तिच्या सगळ्या गाड्या बांधल्या त्या धाकट्या भावानं, आर्लोनं. तो मर्ल क्विस्टच्या ट्रॅक्टरच्या दुकानात मिस्त्री होता आणि डीन नावाच्या मास्तराबरोबर वीस वर्षं संसार करत होता. गावाला ठाऊक होतं. मर्ल तर त्यांच्याच टेबलावर बसून डीनच्या हातचा ॲपल-पाय चापून खायचा, वर घरी न्यायला मागायचा.

मग ते मतदानाचं वर्ष आलं. लग्न फक्त बाई-पुरुषाचंच, असं राज्याच्या घटनेत लिहायचं की नाही, हे नोव्हेंबरात ठरणार होतं. मर्लनं दुकानाच्या नावानं त्या मोहिमेला भरघोस पैसे दिले आणि वर्कशॉपच्या दारावर फलक ठोकला : ‘एक पुरुष, एक बाई, तेच लग्न’.

आर्लो एवढंच म्हणाला, “मर्ल, रोज सकाळी मी याच्याखालून आत यायचं का रे? दुसरीकडे लाव ना.”

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. “गिऱ्हाइकं कुरकुरतात,” मर्ल म्हणाला. “माझ्या मनात काही नाही.”

मनात काही नाही म्हणे! अरे, तुला पटतं तसं मत दे, दारोदार हिंड, चर्चमध्ये गुडघे टेक, कोण अडवतंय? पण ज्याच्या घरी जेवलास त्याचंच घर मोडायला दुकानाचा गल्ला रिता करायचा? आणि तो गल्ला भरला कुणी? आर्लोच्याच तेलानं काळ्या झालेल्या हातांनी ना?

जुलैत मर्ल लव्हॉनकडे आला. तिच्या गाडीचा खर्च दरवर्षी तोच द्यायचा. “यंदा दुकानाच्या नावाबरोबर आमची घोषणाही रंगव,” तो म्हणाला. “तुझ्या दारावर टाक. तिथं कुणी धडकत नाही.”

खरंच होतं. चालकाच्या दाराला धडक दिली की खेळातून बाद, म्हणून ती मानाची जागा.

लव्हॉननं त्याला कॉफी ओतली. “सगळ्यांना दिसेल अशी रंगवते.”

“तू शहाणी आहेस. भावासारखी नाहीस.”

लव्हॉनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं साखर पुढं केली.

आर्लोला कळलं तेव्हा तो दारातच उभा राहिला. “ताई, त्याचे पैसे घेतलेस तू?”

“घेतले.”

“मग यंदा मी जत्रेला येत नाही.” अशी वेळ कधीच आली नव्हती. लव्हॉनला रडू फुटायचं बाकी होतं, पण मनातला बेत तिनं सांगितला नाही. सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं, एवढा तो भला. सूड घेतला तरी भाऊ हातचा जातो की काय, या धास्तीनं तिला झोप लागेना.

जत्रेत मर्ल मोहिमेच्या मंडळींना घेऊन पहिल्या रांगेत बसला. गाडी आत आली. दार कोरं! मर्लनं मान लांब केली. लव्हॉननं गाडी वळवली, आणि दिसली डिकी. त्यावर हातभर अक्षरांत घोषणा आणि खाली मर्लचं दुकान.

आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पुढचा रेडिएटर जपायचा असतो, म्हणून धडक मारायची ती मागं येत, डिकीनं.

धाड! ‘लग्न’ चेपलं. धाड! ‘बाई’ दुमडली. लोकांना उमगलं तसे सगळे उभे राहिले. मोहिमेतलीच एक म्हातारी पोट धरून हसत होती.

अंतिम फेरीच्या आधी रेडिएटर फुटला. मिस्त्री नाही. लव्हॉन वाफेकडे बघत राहिली, तेवढ्यात कुंपणावरून हत्यारांची पेटी आली, मागून डिकीची बातमी कानावर पोचलेला आर्लो, त्याच्यामागे धापा टाकत डीन.

“ताई, तू ना, अगदी नालायक आहेस.”

“बडबडू नकोस. चालेल का सांग.”

“डिकी अजून दोन धडका सोसेल.”

“दोन बस्स झाल्या.”

शेवटी समोर उरला मर्लचा जावई. त्याच्याही गाडीवर मर्लचंच दुकान. पहिल्या धडकेनं त्याचं चाक निखळलं, दुसरीनं इंजिन बंद पडलं.

करंडक द्यायचा तो मर्लच्याच हातानं, जिंकणाऱ्या गाडीला पैसे त्याचे म्हणून तशी पद्धतच. तो लाल तोंडानं मैदानात आला. लव्हॉन टपावर उभी होती, एका बाजूला आर्लो, एका बाजूला डीन. मर्लनं करंडक पुढं केला. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

“मिस्त्रीला दे.”

अख्खं मैदान बघत होतं. मर्लनं खाली बघत करंडक आर्लोच्या हातात दिला. जन्मात कुणाला वाकडं न बोललेला आर्लो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, “मर्ल, कापणी तोंडावर आली. तुझ्या गिऱ्हाइकांची यंत्रं बंद पडतील. माझ्या दारात येऊ नकोस.”