डाव्या डोळ्यातला ठिपका

विश्राम घाडीगावकर हवालदारांसमोर कुणी तक्रार घेऊन उभं राहिलं, की ते आधी नाव विचारत नाहीत. पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवतात आणि माणसाकडे बघतात. पायांपासून वर. शिंपी टेप हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला नजरेने मापून घेतो ना, तसं. मग लिहायला लागतात. नाव येतं ते तिसऱ्या-चौथ्या ओळीत.

पोलीस ठाण्यात टेबलाला बसणाऱ्या ठाणे अंमलदाराचं मुख्य काम म्हणजे स्टेशन डायरी. दिवसभरात उंबरा ओलांडून जो आला, जे घडलं, ते वेळ टाकून त्या जाड वहीत उतरवायचं. बाकीचे दोन ओळींत उरकतात. ‘अमुक इसम समक्ष हजर, तक्रार ऐकून घेतली, समज देऊन रवाना.’ घाडींची नोंद वेगळी. ‘उजव्या पायात चप्पल नाही. शर्टाचे दुसरे बटण तुटलेले, दोरा लोंबत आहे. दोन वेळा पाणी मागून प्याला. भाऊ हा शब्द उच्चारण्याआधी थांबतो.’

डोंबिवलीकडच्या ज्या ठाण्यात ते होते, तिथे त्या वहीला ‘घाडींची कादंबरी’ असंच नाव पडलेलं.

“अहो घाडी, तक्रार घेताय की लग्न जमवताय त्याचं?” नवे आलेले फौजदार विचारायचे.

“जमला तर तुमका बोलवतंय साहेब,” घाडी मान वर न करता म्हणायचे.

ही सवय खात्याने लावलेली नव्हे. कणकवलीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. वडील तिथल्या देवस्थानाचे घाडी, म्हणजे गावकऱ्यांचं म्हणणं देवापुढे मांडणारे. कुणाची म्हैस हरवली, कुणाचं बांधावरून वाजलं, कुणाच्या लेकीला सासरी जाच. माणूस नारळ घेऊन यायचा आणि घाडी त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे. गावाचं नाव, माणसाचं नाव, काय झालं, कसं झालं, सगळं. एकदा पाऊस अंगावर येत होता म्हणून विश्रामनी बापाला सुचवलं, जरा थोडक्यात आटपा की. बाप तिथल्या तिथे थांबला.

“गाऱ्हान्यात काय एक गाळूचा नाय,” तो म्हणाला. “देवाक सगळा म्हायत असता. पण कानार घातल्याबिगर तो उठणा नाय. आणि काम झाला, काय परत येवन ता पण सांगूक व्हया. लोक ताच इसारतत.”

पुढे विश्राम पोलिसांत भरती झाले, वर्तकनगरच्या पोलीस लाइनीत खोली मिळाली, संसार झाला. रोज स्कूटरने शीळफाट्यावरून ड्युटीला. देवासमोरचं गाऱ्हाणं सुटलं, टेबलासमोरचं सुरू झालं. पद्धत तीच राहिली.

तीन वर्षांमागची गोष्ट. फेब्रुवारीतली सकाळ, पावणेबाराचा सुमार. एक बाई चालत ठाण्यात आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, पदर कमरेला खोचलेला. विनिता तिचं नाव. जवळच्याच गल्लीत पोळी-भाजी केंद्र चालवायची. नवरा प्रितम दोन वर्षांपासून वेगळा राहत होता. मधूनमधून यायचा, गल्ल्यात हात घालायचा, नाही म्हटलं की हात उगारायचा. त्या दिवशी तो आला, काहीतरी झालं, आणि विनिताने पोळपाट त्याच्या डोक्यात घातला. दगडी पोळपाट. तो खाली पडला तशी ती उठून सरळ ठाण्यात आली.

“मी नवऱ्याला मारलंय,” एवढंच म्हणाली. आवाज फुटत नव्हता.

साहेब आणि गाडी तडक दुकानाकडे पळाली. ठाण्यात उरले घाडी आणि ती. त्यांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग खिडकीतल्या उजेडाकडे बोट करून म्हणाले, “मान वर कर बघू. आता हंयसर बघ.” आणि लिहायला बसले.

प्रितम तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारला. जखमी केल्याचा गुन्हा होता, तो खुनाचा झाला. पहिल्या दिवशी जबाब घेऊन घरी पाठवलेल्या विनिताला आता अटक झाली. अटकेच्या पंचनाम्यात एक ओळ होती, ‘आरोपीच्या अंगावर ताज्या जखमा नाहीत.’ तिसऱ्या दिवशी खरंच दिसण्यासारखं थोडंच उरलेलं असेल, आणि पापणी उचलून बघायला वेळ कुणाला. पोलिसांचं म्हणणं, प्रितम वाकून गल्ला बघत होता तेव्हा तिने मागून घाव घातला. दुकानात दोघंच होते. एक मेला. दुसरी आधारवाडीच्या जेलमध्ये गेली आणि तीन वर्षं तिथेच राहिली.

तिचं वकीलपत्र सरकारच्या मोफत विधी सेवेतून सुमेधा दातारांकडे आलं. सुमेधाताई टिळकनगरच्या, बोलणं स्वच्छ, एकेक शब्द इस्त्री केलेला. पुढचं सगळं मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

“कायदा तिच्या बाजूने होता,” त्या म्हणाल्या. “आपला जीव जातोय अशी रास्त भीती असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी तो खून नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे माणसाला. पण तसा प्रसंग होता हे दाखवायचं आरोपीने. आणि माझ्या हातात काय होतं? तिचा शब्द. गळा आवळला म्हणते, तर गळ्यावर खूण कुठाय?”

जेलमधल्या भेटीत त्यांनी विनिताला दहादा विचारलं, त्या दिवशी तुला कुणी पाहिलं? दहाव्यांदा ती म्हणाली, “त्या हवालदारकाकांनी पाहिलं ना. मला उजेडाकडे बघायला सांगितलं. मग लिहीत होते, खूप वेळ. मला वाटलं माझ्यावर निबंध लिहितायत का काय.”

दोषारोपपत्रात ते पान जोडलेलं नव्हतं. लपवलेलं होतं असंही नाही; स्टेशन डायरी उघडून बघावी असं कुणाला वाटलंच नव्हतं. सुमेधाताईंनी अर्ज केला, कोर्टाने डायरी मागवली. कल्याणच्या कोर्टात, कारकुनाच्या टेबलाशी उभ्या राहून, त्यांनी ते पान वाचलं. वाचून झाल्यावर त्या बाहेर जिन्यावर जाऊन बसल्या. पंधरा वर्षांच्या वकिलीत असं कधी केलं नव्हतं, म्हणाल्या.

‘११.४० वा. एक महिला पायी, अनवाणी आली. दोन्ही हातांस कणीक, उजव्या हातावरची वाळून तडकलेली, डावीकडची ओली. गळ्याच्या डाव्या बाजूस चार व उजव्या बाजूस एक असे बोटाच्या रुंदीचे लाल वळ. आवाज बसलेला आहे. पाणी दिले, गिळताना मान पुढे करते, निम्मे सांडले. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात मोहरीएवढा रक्ताचा ठिपका, उजव्या डोळ्यात नाही. नाव विनिता, वय ३२.’

त्यांनी पानाची नक्कल एका सरकारी डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी दोनदा वाचलं. “हे कुठल्या डॉक्टरने लिहिलंय?”

“हवालदाराने.”

“शक्य नाही,” ते म्हणाले. मग ठिपक्याच्या ओळीवर बोट ठेवून, “गळा दाबला की डोक्यातून परत फिरणारं रक्त अडतं. बारीक शिरा फुटतात, त्या डोळ्यात दिसतात. हे मी पोरांना दर वर्षी शिकवतो. परीक्षेत लिहितात, पेशंटच्या डोळ्यात बघायला विसरतात.”

घाडींना समन्स आलं. पण त्यावर लिहिलेलं होतं, बचाव पक्षाचा साक्षीदार. सगळी हयात सरकार पक्षाकडून कोर्टात उभा राहिलेला माणूस आता आरोपीकडून उभा राहणार. ठाण्यात चहाला विषय मिळाला.

“काय घाडी, पार्टी बदललीत?”

“कादंबरी छापून आली म्हणे तुमची. कोर्टात प्रकाशन.”

घाडी चहा पीत राहिले. दुपारी जुन्या तपासी साहेबांचा फोन आला. ते आता दुसऱ्या जिल्ह्यात होते. आवाज गोड. “घाडी, तीन वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? आठवत नाही म्हणायचं. खोटं बोला असं मी कुठे म्हणतोय? रिटायरमेंटला किती राहिले, सात महिने ना? शांततेत जा.”

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. सुमतीबाई भाकरी थापत होत्या. “आठवणा नाय म्हणान सांगलास तर देव काय खाणा नाय तुमका.”

“माका आठवता गो,” घाडी म्हणाले. “तेचाच तर वांधो असा.”

साक्षीच्या दिवशी सुमेधाताईंनी नोंद वाचून घेतली, सही ओळखून घेतली आणि बसल्या. सरकारी वकील उठले.

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही साहेब.”

“मग डोळ्यातला ठिपका कशासाठी लिहिलात?”

“होता म्हणून.”

“त्याचा गुन्ह्याशी संबंध काय, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“नाही साहेब. आजपण नीट माहीत नाही. संबंध साहेब लोक लावतात. मी आलेला माणूस उतरून घेतो.”

कोर्टात जरा हसू पसरलं. वकिलांनी मग सुचवलं, की नोंद मागाहून घातलेली आहे, आरोपीची दया येऊन. घाडींनी पान पुढे करायला सांगितलं. त्या नोंदीच्या बुडाला चिकटून, त्याच शाईत पुढची होती: ‘१२.१५ वा. एक वृद्ध महिला. पिशवी रिक्षात विसरली. पिशवीत दोन नारळ, एक चष्मा, काडीला दोरा बांधलेला.’ दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. जजसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ते पान पुन्हा वाचलं. दोन नारळांसकट.

सरकारी वकिलांनी शेवटचं अस्त्र काढलं. “ठीक आहे. एवढे वळ होते, आवाज बसला होता, गिळता येत नव्हतं. मग तुम्ही तिला मेडिकलला का पाठवलं नाही? यादी का दिली नाही? म्हणजे एकतर वळ नव्हते, किंवा तुम्ही कर्तव्यात कसूर केलीत. यातलं कुठलं?”

यादी म्हणजे डॉक्टरांच्या नावे द्यायची पोलिसांची चिठ्ठी. सुमेधाताईंनी डोळे मिटले. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी घाडींना विचारलंच नव्हतं. दोन दारं होती. एकातून विनिता परत जेलात जाणार होती, दुसऱ्यातून घाडींची चौकशी आत येणार होती.

घाडींनी फार वेळ घेतला नाही.

“कसूर केली साहेब. गाडी घटनास्थळी गेली होती, बरोबर द्यायला माणूस नव्हता. गाडी आल्यावर पाठवू म्हटलं, आणि मग ती नारळवाली म्हातारी आली. ऱ्हवान गेला माझ्याकडना.” त्यांनी डायरीच्या पानाकडे बोट केलं. “सगळा लिवलंय आणि शेवटचा ताच गाळलंय. तेच्यापायी ती बाई तीन वर्सां आत असा. ह्या पण लिवन घेवा साहेब.”

लघुलेखकाने हात थांबवून जजसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “घ्या. साक्षीदार म्हणतो तसंच घ्या.”

आरोपीच्या कठड्यात विनिता उभी होती. तीन वर्षांत कुणी तिची माफी मागितलेली तिने ऐकली नव्हती. खुनाच्या खटल्यात गणवेशातला माणूस आपलीच चूक, न मागता, आपल्याच विरुद्ध नोंदवून घ्या म्हणतो. कोर्टातल्या जुन्याजाणत्या वकिलांनीही फायली खाली ठेवल्या होत्या, सुमेधाताई सांगत होत्या. मी त्यांना विचारलं, त्या क्षणी काय वाटलं? त्या म्हणाल्या, “भीती वाटली मला. एवढं खरं माणूस बोलू शकतो, याची.”

पुढच्या तारखेला डॉक्टरांनी साक्ष दिली. ठिपका, आवाज, गिळणं, एकेक समजावून सांगितलं. निकालात जजसाहेबांनी लिहिलं, की आरोपीच्या अंगावरच्या खुणांचा उलगडा सरकार पक्षाने केलेला नाही. तिचा गळा आवळला जात होता आणि मरण समोर दिसत होतं, हेच जास्त संभवतं. आणि स्वतःची चूक कबूल करणाऱ्या साक्षीदारावर विश्वास न ठेवायला काही कारण दिसत नाही. निर्दोष मुक्तता.

घाडींना खात्याची नोटीस आली, खुलासा सादर करा. त्यांनी चार ओळींचा खुलासा दिला. ‘चूक माझी आहे’ ही त्यातली पहिली.

निकालानंतर आठवड्याने, भर दुपारी, विनिता ठाण्यात आली. घाडी टेबलाला होते. तिने हात जोडले, बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बाकाकडे बोट केलं.

“बस. पानी पी आधी.”

ती बसली. त्यांनी पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलं आणि पायांपासून वर बघायला सुरुवात केली. मग खिडकीकडे बोट केलं. ती काही न विचारता उजेडाकडे बघत राहिली.

फौजदार साहेब मागून डोकावले. वहीत ओळी उमटत होत्या. ‘१.१० वा. विनिता, वय ३५. पायात नवीन चपला, डावी घासते म्हणून टाच बाहेर. हातांस पीठ नाही. पूर्ण भांडे पाणी प्यायली, सांडले नाही. गळा पाहिला. दोन्ही डोळे पाहिले, स्वच्छ.’

“घाडी, ही कसली नोंद? तक्रार काय आहे बाईंची?”

“तक्रार नाय साहेब,” घाडी लिहिता लिहिता म्हणाले. “काम झाला. ता सांगूक इली हा.”