ओळंब्यात बसवलेलं हँडल

हँडलचा पाइप मी ओळंबा लावून सरळ उभा वेल्ड केला.

जगातली कुठलीही सायकल बघा, हा पाइप सीटकडं जरा कललेला असतो. जन्मभर सायकली बघूनही मला ते दिसलं नाही. नोकरी फौजेत झाली. तिरकं काही दिसलं की हात शिवशिवतात.

सायकल मागं रेलून, पाय पुढं पसरून चालवायची होती, घरीच बनवलेली. कमरेतली गादी सरकल्यापासून साध्या सायकलवर बसवत नव्हतं, मोटारसायकलचे धक्के सोसत नव्हते आणि डावा पाय गुडघ्याखाली बधिर होता. आष्ट्याजवळच्या आमच्या रानात थोरला भाऊ एकटाच राबत होता. त्यानं सरळ सांगितलं, "सोताचा सोता रानात आलास तर निम्मा ऊस तू बघ. न्हाईतर समदं मी बघतो, तू घरात चा पी."

राग यायला हवा होता. आला नाही. मी चहा प्यालो आणि दोन जुन्या सायकली कापायला घेतल्या.

पहिल्याच फेरीत हँडल जरासं डावीकडं वळलं आणि मग तिकडंच पळत सुटलं. उजवीकडं ओढलं तर उजवीकडं पळालं. मी कडब्याच्या गंजीत शिरलो. बायको बाहेर आली.

"आवं, लागलं का?"

"कळंना."

"मग उठा. म्हशीची वैरण हाय ती."

कारण कळलं ते कंबर दाखवायला नेलं तेव्हा दवाखान्यात, स्ट्रेचरवर उताणा पडून पुढच्या स्ट्रेचरची चाकं बघताना. त्याचं चाक ज्या खुंटीवर फिरतं तिच्या मागं टेकतं, म्हणून न्याल तिकडं मुकाट येतं. सायकलचंही तेच. हँडलच्या पाइपाची रेघ जमिनीपर्यंत ओढली, तर चाक तिच्या मागं टेकायला हवं. माझा पाइप ताठ आणि चाक धरणारा चिमटा पुढं वाकलेला. चाक रेघेच्या पुढं टेकत होतं, आणि सारखं मागं फिरायला बघत होतं.

पाइप कापून कलवला. तो इतका कलवला, की सायकल हळू झाली की हँडल आपोआप एका कुशीवर लोळायचं. तिसऱ्यांदा जरा उभा केला, तेव्हा सायकल माणसात आली.

मग एका सकाळी रानात गेलो. दोन्ही बाजूंना उसाची बुडखी, वर आभाळाची पट्टी. हँडल सरळ होतं. बरं वाटतंय का, ते मी आत चाचपून बघितलं. काही लागलं नाही हाताला.

भाऊ बांधावर बसला होता. त्याच्यासमोर सायकल थांबवली, दोन्ही पाय टेकले आणि उठायला गेलो. सीट जमिनीपासून वीतभर. डाव्या पायाला काही सांगावं तर तो ऐकायला घरात नव्हता. परत सीटवर बसलो. पुन्हा जोर केला, पुन्हा बसलो.

भावानं तंबाखू थुंकली.

"आलास खरा. आता उठतोस, का हितंच लावण करू तुजी?"