पन्नास दिरहॅमची चाचणी

दुबईत अल कुसैसच्या माझ्या बाल्कनीवरून विमानं इतकी खाली येतात, की दुपारी डुलकी लागली तर आपणच उतरतोय असं वाटतं. अशाच एका धुळकट दुपारी मी माझ्या रूममेटचे पैसे त्याच्या बहिणीला पाठवायला बसलो. तो गेल्यावर कळलं, मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मागची देणीघेणी आणि वाटणी बघायला, त्याने माझं नाव घातलं होतं. कोर्टाची परवानगी आली, त्याची देणी फिटली. आता फक्त कणकवलीच्या ताईंचा वाटा पोचवायचा होता.

मी भित्रा माणूस. ईमेलवर आलेल्या खाते क्रमांकावर माझा काडीचा विश्वास नाही. त्याच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन लावला आणि ताईंकडून एकेक आकडा वदवून घेतला. वाटा किती, ते फोनवर बोललो नाही. आधी खातं तपासायला स्वतःचे पन्नास दिरहॅम पाठवले, म्हणजे हजार-बाराशे रुपये. "पोचले की कळवा," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच पिवळट ऊन होतं. ताईंचा फोन आला.

"पोचले हो. जाताजाता भाऊबीज घालून गेला बघा. दरवर्षी एवढीच पाठवायचा. तुम्हाला मात्र उगाच कोर्टात हेलपाटे पडले."

डोक्यावरून एक विमान सावकाश गेलं.

पुढे सगळा वाटा पाठवला, पोच घेतली. ते पन्नास वजा केले नाहीत. भावाची ओवाळणी मी कोण परत घेणार?