पेटीवरची चिठ्ठी

पावसच्या एका बागायतदार काकांना मी आंब्याच्या पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांचं अ‍ॅप करून दिलं. चिठ्ठीची पीडीएफ व्हायची. पण ही पीडीएफ आहे, असं सर्व्हरने ब्राउझरला सांगायचं असतं, नेमकी ते सांगणारी कोडमधली ओळ माझ्याकडून राहून गेली. ब्राउझरने पडद्यावर नुसता चिन्हांचा चिवडा ओतला. काकांनी तोच छापून पेट्यांवर डकवला आणि माल वाशीला धाडला.

मी भडकलो. “काका, हे वाचणार कोण?”

“मला वाटलं, कॉम्प्युटरची भाषा असेल.”

ती ओळ घालून मी चिठ्ठी सुधारली. पुढच्या खेपेला काकांचा फोन आला, “दलालाने पेट्या अडवल्यान्! म्हणतो, हा कर्नाटकचा आंबा. तुमच्या अस्सल हापूसवर ती चिन्हं असतात. आधी तुझी ती ओळ काढ!”